डॉ. अल्-जझूली दफअल्ला आणि सुदानचें संधिवर्ष

राज्यक्रांतीचा वृत्तान्त लिहिणारांची दृष्टि बहुधा सेनापतींवर खिळते. सुदानांतील इ. स. १९८५ च्या क्रांतीचा विचार करतांना आम्हांस मात्र प्रथम एका डॉक्टराकडे वळावें लागतें. डॉ. अल्-जझूली दफअल्ला हे कोणत्याहि पक्षाचे पुढारी म्हणून नव्हे, तर डॉक्टरांच्या संघाचे अध्यक्ष म्हणून पुढें आले. मार्चअखेर राष्ट्राध्यक्ष नुमैरी अमेरिकेस गेले असतां महागाईनें गांजलेल्या खार्टूमांत दंगे उसळले. डॉक्टर, वकील, अभियंते यांनीं संप पुकारला. ६ एप्रिल रोजीं सेनापति सुवार अल्-धहब यांनीं सत्ता हातीं घेतली खरी. पण पाया संपानेंच खचविला होता, असें आमचें मत आहे. त्याच महिन्यांत दफअल्ला पंतप्रधान झाले.

एका वर्षांत निवडणुका घेण्याचें वचन होतें, तें पाळलें गेलें. मे १९८६ मध्यें सादिक अल्-महदी यांच्या हातीं कारभार गेला. परंतु नुमैरींनीं १९८३ सालीं लादलेले शरीअतचे कायदे दफअल्लांच्या सरकारनें रद्द केले नाहींत, आणि दक्षिणेंतील युद्धाचें तर तें एक प्रमुख कारण! त्यांनीं बंडखोरांचे नायक जॉन गरांग यांस पत्र धाडिलें. गरांग यांस मात्र नवी राजवट जुनीचेंच रूपान्तर वाटली. युद्धामुळें दक्षिणेंतील अनेक मतदारसंघांत मतदानच झालें नाहीं. दफअल्लांची स्तुति करणारे हा भाग गाळतात, तें आम्हांस मान्य नाहीं.

कायद्यांचा गुंता सादिक यांसहि सुटला नाहीं. ३० जून १९८९ रोजीं उमर अल्-बशीर यांनीं तेंहि सरकार उलथिलें.