काश्मीर प्रिन्सेस: परिषदेला न पोचलेलं विमान



परदेशात कॉन्फरन्सला जायचं म्हटलं, की हल्ली आपण तिकिटाच्या आधी बातम्या बघतो. कुठल्या देशाचं आकाश बंद आहे, विमान कुठून वळवणार वगैरे. मला वाटायचं, ही धास्ती आपल्याच काळाची. मग मी ‘काश्मीर प्रिन्सेस’ची गोष्ट वाचली.

साल १९५५. इंडोनेशियात बांडुंगला १८ एप्रिलपासून आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरणार होती. त्यातले कित्येक देश नुकतेच स्वतंत्र झालेले. तिकडे चीन आणि तैवानमध्ये बेटांवरून चकमकी चालू. अशा वातावरणात चीनने आपल्या माणसांसाठी एअर इंडियाचं विमान भाड्याने घेतलं. तेच हे काश्मीर प्रिन्सेस.

मुंबईहून निघालेलं हे विमान ११ एप्रिलला हाँगकाँगला थांबलं आणि जकार्ताकडे निघालं. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय त्यात असणार, असा घातपात करणाऱ्यांचा अंदाज होता. पण त्यांचा बेत बदलला होता. विमानात बसले ते शिष्टमंडळातले कर्मचारी आणि पत्रकार. प्रवासी ११, विमानातले कर्मचारी ८.

आता कर्मचाऱ्यांची नावं ऐका. कॅप्टन जटार, दीक्षित, पाठक, कर्णिक. आपल्याच सोसायटीच्या बोर्डावरची वाटतात ना? आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी.

सुमारे पाच तासांनी, समुद्रावर असताना स्फोट झाला. उजव्या पंखाला आग लागली. कॅप्टन जटारांनी विमान पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला, तर बेरींनी लाइफ जॅकेट वाटली. १६ जण गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक तेवढे वाचले. कित्येक तास पाण्यात काढून. कर्णिकांनी पुढे यावर पुस्तकही लिहिलं. जटार आणि बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

तपासात कळलं, की चाकाच्या खोबणीत टाइमबॉम्ब ठेवला होता. संशय होता हाँगकाँग विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर. तो तैवानला पळाला आणि तैवानने त्याला परत दिलं नाही. म्हणजे खटला उभाच राहिला नाही.

मला खरं टोचतं ते वेगळंच. चीनला कटाची कुणकुण आधीच लागली होती. आदल्या दिवशी त्यांनी ब्रिटिशांना तसं कळवलंही होतं, कारण हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे होतं. तरी विमान उडालंच. ज्याच्यासाठी सापळा होता त्याचा मार्ग बदलला, बाकीच्यांचा नाही.

परिषद ठरल्या दिवशी सुरू झाली, चौ एन लायही पोचले. बांडुंगच्या फोटोत नेहरू, नासर, सुकार्नो दिसतात. तो फोटो पुन्हा समोर आला, तर फोटोत नसलेले हे १६ जणही आठवा.

भेटू पुढच्या भागात!