टँग, चिंग वान

टँग, चिंग वान : (२३ जुलै १९४७ – ). हाँगकाँगमध्ये जन्मलेले व अमेरिकेत कारकीर्द घडलेले रसायनशास्त्रज्ञ. कार्बनी पदार्थांच्या अत्यंत पातळ थरांतून, थोड्या व्होल्टच्या विजेवर भरपूर प्रकाश देणारा डायोड (ओएलईडी) त्यांनी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्यासह तयार केला. कार्बनी सौरघटाची दोन थरांची रचनाही त्यांचीच. मोबाइलच्या खोक्यावर ‘ॲमोलेड’ असे छापलेले असते त्या पडद्याची वंशावळ या कामापर्यंत जाऊन पोहोचते.

टँग यांचा जन्म यून लाँग येथे झाला. हाँगकाँग त्या वेळी ब्रिटिश वसाहत होती. शालेय शिक्षण तेथे संपवून ते कॅनडाला गेले आणि व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून १९७० मध्ये रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात आंद्रेआस आल्ब्रेख्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी भौतिकी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली (१९७५). या काळात त्यांनी हरितद्रव्याचा थर दोन धातूंमध्ये धरून त्यावर प्रकाश टाकला आणि निर्माण होणारी वीज मोजली. वीज मिळाली, पण नाममात्र. कार्यक्षमता एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास होती. प्रकाशापासून वीज आणि विजेपासून प्रकाश या दोन वाटा त्यांनी पुढची चाळीस वर्षे सोडल्या नाहीत.

१९७५ मध्येच ते रॉचेस्टर (न्यूयॉर्क राज्य) येथील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सौरऊर्जेचे वारे जोरात होते आणि स्वस्त कार्बनी सौरघट बनवता येईल का, हे टँग यांनी पाहावे असे ठरले. फिल्म विकणाऱ्या कंपनीने सूर्याच्या मागे लागावे हे वरवर विचित्र वाटते. पण कोडॅककडे रंगद्रव्यांचे प्रचंड कोठार होते. रंगीत फिल्म आणि कॉपियर यंत्रे यांसाठी तिच्या रसायनतज्ज्ञांनी प्रकाश शोषणारे व विद्युतभार वाहून नेणारे असंख्य रेणू बनवून ठेवले होते. टँग यांच्या यशाची चर्चा करताना या कोठाराचा उल्लेख सहसा राहून जातो; तो राहू नये.

तोवरचे कार्बनी सौरघट एकाच पदार्थाचे असत. कार्बनी रेणूने प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, ही जोडी एकमेकांना घट्ट धरून राहते. ती फुटली नाही तर वीज मिळत नाही. जोडी पुन्हा एक होऊन ऊर्जा वाया जाते. टँग यांनी दोन वेगळे पदार्थ एकमेकांवर चढवले. एक कॉपर थॅलोसायनीन, शाई आणि रंगकामात सर्रास वापरले जाणारे निळे रंगद्रव्य. दुसरा पेरिलीन या रसायनापासून बनवलेला, इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ. दोहोंच्या सीमेवर जोडी आपोआप फुटते आणि इलेक्ट्रॉन एका थरातून, होल दुसऱ्या थरातून बाहेर पडतो. अनुक्रमे सुमारे २५ व ४५ नॅनोमीटर जाडीच्या या थरांनी जवळजवळ १ टक्का कार्यक्षमता गाठली. पेटंट १९७९ मध्ये मिळाले, मात्र शोधलेख ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये यायला १९८६ साल उजाडले. औद्योगिक प्रयोगशाळेतल्या कामाचे हे असेच असते. सिलिकॉनपुढे १ टक्का म्हणजे काहीच नव्हे आणि कोडॅकने सौरघट बाजारात आणले नाहीत. तरी आजचे कार्बनी सौरघट अशा दोन पदार्थांच्या सीमेवरच उभे आहेत.

हाच घट उलटा चालवला, म्हणजे त्याला वीज दिली, तर प्रकाश मिळायला हवा. कल्पना नवी नव्हती. न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अँथ्रासीनच्या स्फटिकातून विजेने प्रकाश मिळवला होता. पण त्यासाठी सुमारे ४०० व्होल्ट लागत, आणि एवढ्या व्होल्टवर मिणमिणता उजेड देणाऱ्या स्फटिकाचे व्यवहारात काही होण्यासारखे नव्हते. अडचण दुहेरी होती. स्फटिक जाड, म्हणून व्होल्ट जास्त. आणि एकाच पदार्थाने इलेक्ट्रॉनही वाहायचे, होलही वाहायचे आणि वर प्रकाशही द्यायचा. टँग यांनी ही कामे वाटून दिली.

या कामात त्यांना व्हॅन स्लाइक यांची साथ मिळाली. १९७९ मध्ये कोडॅकमध्ये आलेले हे तरुण रसायनतज्ज्ञ रेणू बनवण्यात आणि निवडण्यात वाकबगार होते. दोघांनी केलेला डायोड असा : काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक, विद्युतवाहक लेप. त्यावर निर्वात पात्रात ॲरोमॅटिक डायअमाइनची वाफ बसवून ७५ नॅनोमीटरचा थर; होल वाहून नेणारे हे कुळ कॉपियर यंत्रांमुळे आधीच ओळखीचे होते. त्यावर ६० नॅनोमीटरचा ॲल्युमिनियम व ८-हायड्रॉक्सिक्विनोलीन यांच्या संयुगाचा थर. हे संयुग आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परके नाही : द्रावणातील ॲल्युमिनियमचे प्रमाण वजनावरून काढताना ‘ऑक्झिन’ घातल्यावर खाली बसणारा पिवळसर साका तो हाच. जंबुपार किरणांत तो हिरवट चमकतो आणि त्याचा सलग, गुळगुळीत थर बसतो. दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा होता, कारण एवढ्या पातळ थरात सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी वरचा धातू खालच्या लेपाला टेकून शॉर्ट सर्किट होते. दोन्ही कार्बनी थर मिळून जाडी केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाएवढी.

सर्वांत वर धातू. इलेक्ट्रॉन सहज सोडणारा धातू हवा होता, पण असे धातू हवेत टिकत नाहीत. मॅग्नेशियम पुरेसे सोशिक, मात्र कार्बनी थरावर नीट चिकटत नाही. दहा भाग मॅग्नेशियमला एक भाग चांदी मिसळली आणि ते बसले.

१० व्होल्टहून कमी दाबावर या डायोडने दर चौरस मीटरला १,००० कॅन्डेलाहून अधिक तेजस्विता दिली. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची पुंज कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. दिवसाउजेडी खोलीत सहज दिसेल असा हा हिरवा प्रकाश होता. या डायोडवरचा, सप्टेंबर १९८७ मध्ये ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झालेला तीन पानांचा लेख त्या नियतकालिकातील सर्वाधिक उद्धृत लेखांमध्ये मोडतो.

१९८९ चा लेख (टँग, व्हॅन स्लाइक व चेन) तुलनेने कमी गाजला, पण प्रयोगाची हुशारी त्यातच अधिक आहे. ॲल्युमिनियमच्या संयुगात कुमारीनसारख्या चमकदार रंजकाची चिमूट मिसळली की ऊर्जा रंजकाकडे जाते आणि प्रकाश रंजकाच्या रंगाचा निघतो. कार्यक्षमता दुप्पट होऊन सुमारे २.५ टक्क्यांवर गेली, आणि रंग निळसर हिरव्यापासून नारिंगी-तांबड्यापर्यंत हवा तो निवडता येऊ लागला. शिवाय रंजकाची अगदी पातळ पट्टी थरात वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून त्यांनी पाहिले, की ती कोठे उजळते. इलेक्ट्रॉन आणि होल यांची गाठ दोन थरांच्या सीमेलगत, ५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यात पडते, असे त्यातून कळले. डोळ्यांना दिसणे शक्य नसलेली जागा त्यांनी रंगावरून शोधली.

यानंतरची वर्षे आयुर्मानाशी झगडण्यात गेली. दमट हवा लागली की डायोडवर काळे ठिपके उमटत आणि पसरत जात. त्यावर कोरड्या वायूत बंद करण्याचे तंत्र आणि अधिक टिकाऊ रेणू हे उपाय निघाले. हंग, टँग व मेसन यांनी १९९७ मध्ये ॲल्युमिनियमखाली लिथियम फ्लोराइडचा जेमतेम काही अणूंच्या जाडीचा थर घातला. लिथियम फ्लोराइड मुळात विद्युतरोधक, तरी त्यामुळे इलेक्ट्रॉन अधिक सहजपणे आत शिरू लागले आणि मॅग्नेशियमची गरज उरली नाही. एकावर एक डायोड रचण्याच्या २००४ मधील पद्धतीवरही टँग यांचे नाव आहे. पूर्ण कार्यक्षमता गाठून देणारे स्फुरदीप्त रेणू मात्र इतरांचे, म्हणजे स्टीफन फॉरेस्ट व मार्क थॉम्पसन यांच्या गटांचे (१९९८).

बाजारात पहिली मजल मारली ती जपानी पायोनियर कंपनीने, १९९७ मध्ये, मोटारीतल्या ऑडिओ संचाच्या पडद्याने. कोडॅकने स्वतःचा ‘ईझीशेअर एलएस ६३३’ हा कॅमेरा २००३ मध्ये आणला. पाठीमागे ॲमोलेड पडदा असलेला तो पहिलाच कॅमेरा होय. मूळ पेटंटे हाती असूनही कोडॅकला हा धंदा वाढवता आला नाही. फिल्मची विक्री कोसळत होती आणि पडद्यांच्या कारखान्यात ओतायला पैसा नव्हता. डिसेंबर २००९ मध्ये तिने आपला ओएलईडी व्यवसाय दक्षिण कोरियाच्या एलजी समूहाला विकला. दोनच वर्षांनी, जानेवारी २०१२ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. एलजीच्या दूरचित्रवाणी संचांचे यश त्यानंतरचे.

टँग यांनी २००६ मध्ये कोडॅक सोडून त्याच शहरातील रॉचेस्टर विद्यापीठात प्राध्यापकपद घेतले. २०१३ पासून ते हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात अध्यापन करू लागले. २००६ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सदस्य झाले. २०११ चे रसायनशास्त्राचे वुल्फ पारितोषिक त्यांना स्टुअर्ट राइस व क्रिश्तोफ मात्याशेव्स्की यांच्यासह मिळाले. २०१८ मध्ये व्हॅन स्लाइक यांच्याबरोबर अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, आणि २०१९ मध्ये सामग्री विज्ञान व अभियांत्रिकीसाठीचे क्योतो पारितोषिक मिळाले. या क्षेत्राला नोबेल लाभले ते २००० मध्ये, वीजवाहक बहुवारिकांसाठी, आणि ते हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा या तिघांकडे गेले. निर्वातात वाफ करून बसवलेल्या लहान रेणूंचे टँग यांचे काम त्या पारितोषिकाच्या कक्षेत येत नव्हते.