सावकाश चालवून दोष शोधण्याची गोष्ट

समजा, मावळातल्या परंदवडी गावात एका शिक्षकांच्या घरी जुना संगणक आहे. २००२-०३च्या सुमारास मिळत असे तशा जातीचा. सुरू होतो, पण निकालपत्रकाचे काम थोडे पुढे गेले की पडदा गोठतो, नाहीतर यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. दुरुस्ती करणारा येतो, सेटिंगमध्ये घड्याळाचा १३३ हा आकडा बदलून १०० करतो आणि संगणक दिवसभर बिनतक्रार चालतो. ‘प्रोसेसर थकला, आता असाच हळू चालवा,’ असे सांगून तो निघून जातो. दुरुस्ती झाली का? आमच्या मते नाही. झाली आहे ती निदानाची सुरुवात. संगणकाच्या इतिहासात ही युक्ती जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे, म्हणून तिची थोडी ओळख करून घेऊ.

आधी घड्याळ म्हणजे काय ते पाहू. संगणकातली सगळी कामे एका स्फटिकाच्या नियमित कंपनांच्या तालावर चालतात. १३३ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १३ कोटी ३० लाख ठोके. दोन ठोक्यांत सुमारे ७.५ अब्जांश सेकंद मिळतात. आकडा १०० केला की १०. प्रोसेसर याच्या ठरावीक पटीत धावतो. पट १५ असेल, तर त्याचा वेग २,००० वरून १,५०० मेगाहर्ट्झवर येतो. वर्गातले उदाहरण घ्या. घंटा झाली की पाट्या गोळा करायच्या, असा नियम आहे. एखाद्या मुलाचे गणित तोवर पुरे झालेले नसेल, तर अर्धवट उत्तर गोळा होईल. घंटा थोडी उशिरा दिली, तर त्याच मुलाचे उत्तर बरोबर येईल. म्हणजे मूल नापास नाही. त्याला वेळ कमी पडतो आहे. का कमी पडतो, हा खरा प्रश्न.

१९४६ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या ‘एनिॲक’ या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्याचे मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांनी नळ्या त्यांच्या मर्यादेपेक्षा कमी ताणावर चालवायचा नियम केला होता. दोष शोधताना हे यंत्र एकेका ठोक्याने पुढे नेण्याचीही सोय होती. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९५१ मध्ये कामाला लागलेल्या ‘व्हर्लविंड’ संगणकासाठी उलट वाट धरली. चाचणीचे गणित चालू असताना ते मंडलांचा विद्युतदाब मुद्दाम थोडा कमी-जास्त करत. निरोगी नळी हा फरक सोसते. थकलेली चुकते आणि पकडली जाते. खऱ्या कामात दगा देण्याआधीच ती बदलता येई.

हे किती गरजेचे होते, ते घाट उतरून मुंबईला गेल्यावर कळते. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्यात २,७०० नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोध होते. एक हिशेब मुलांकडून करून घ्या. एका नळीचे सरासरी आयुष्य १०,००० तास धरले, तर २,७०० नळ्यांपैकी एखादी सरासरी दर पावणेचार तासांनी जाईल. अशा यंत्रात बिघाड होणारच असे धरून चालावे लागे. तो लवकर सापडणे महत्त्वाचे.

नळ्या गेल्या, चिप आल्या, पण मर्यादा आणि वापर यांत थोडी जागा राखण्याचे तत्त्व राहिले. १९८१च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी बनलेला होता, तो ४.७७वर चालवला जाई. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून तिच्यावर वेग छापला जातो, आणि तोही तापमान व विद्युतदाब यांची वाईट स्थिती गृहीत धरून. त्यामुळे छापील वेगावर धड चिप सहसा अडखळत नाही. ती अडखळली, तर राखलेली जागा कुणीतरी खाल्ली आहे असे समजावे.

पहिला संशयित उष्णता. चिपमध्ये खर्च होणारी वीज मुख्यतः घड्याळाच्या वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १३३ चे १०० केले की हा खर्च सुमारे पाऊण पट होतो. धुळीने भरलेला पंखा आणि वाळलेली उष्णतावाहक पेस्ट यांना तेवढे झेपते. याच उष्णतेपायी इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियमचा बेत सोडून दिला.

दुसरा संशयित धारित्रे, म्हणजे कपॅसिटर. प्रोसेसरजवळच्या नळकांडीसारख्या धारित्रांतला द्राव सुकला की विद्युतदाब स्थिर राहत नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर अशी सदोष धारित्रे असंख्य मदरबोर्डांवर बसली होती. तिसरा संशयित स्मृती, म्हणजे रॅम. त्या काळच्या बोर्डांवर घड्याळ मंदावले की बहुतेक वेळा रॅमही मंदावते. म्हणून ‘हळू चालतो, अर्थात प्रोसेसर खराब’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

आता क्रम असा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल वहीत लिहायचा. सेटिंग पुन्हा १३३ करा. प्लग काढून डबा उघडा, धूळ झाडा. मग आतल्या भागांना हात न लावता टेबलपंख्याचा वारा देऊन चालवा. यंत्र टिकले तर दोष उष्णतेचा. नाही टिकले, तर प्लग काढून रॅमची एकेक पट्टी बदलून पाहा आणि मेमटेस्ट८६ हा चाचणी-कार्यक्रम रात्रभर चालवा. धारित्रांचे माथे फुगलेत का, तपकिरी द्राव पाझरलाय का, ते पाहा. नंतर वीजपुरवठ्याचा डबा दुसरा लावून पाहा. तो डबा मात्र उघडायचा नाही, आतली धारित्रे प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात. प्रोसेसरवर ठपका सर्वांत शेवटी.

एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. गोठलेला पडदा निदान बोंब तरी मारतो. काठावर चालणारे यंत्र कधीकधी न गोठता फाइलमधला एखादा अंक बदलून टाकते, आणि निकालपत्रकात ७२चे १२ झालेले कुणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय एका धारित्रापायी अख्खा संगणक भंगारात जातो, ते वेगळेच. घड्याळ जरूर मंदावा. पण कारण सापडेपर्यंतच, आणि तोवर कामाची दुसरी प्रत वेगळी ठेवा.