व्याजदर आणि टिकाऊ वस्तूंची घरगुती खरेदी

दुचाकी, फ्रिज, टीव्ही, धुलाईयंत्र यांसारख्या वर्षानुवर्षे वापरायच्या वस्तूंवर कुटुंब करत असलेल्या खर्चावर व्याजदराचा होणारा परिणाम. किराणा थांबवता येत नाही. जुना फ्रिज मात्र आणखी एक उन्हाळा चालवता येतो. त्यामुळे कर्ज महागले, की पहिली कात्री या वस्तूंनाच लागते.

यंत्रणा : रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, मे २०२२ पासून वाढत तो फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर गेला आणि फेब्रुवारी २०२५ पासून उतरू लागला. तरत्या दराच्या गृहकर्जात हा बदल लवकर उतरतो. हप्ता वाढला, की घरातली इतर खरेदी मागे पडते. दुचाकीचे कर्ज बहुधा स्थिर दराचे असल्याने बदल नव्या कर्जदारालाच जाणवतो. दर घटले, तर ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्यांचा हात मात्र आखडतो.

उदाहरण, देऊळगाव राजा : बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि बीजोत्पादन यांवर घरे चालतात. सोयाबीनची काढणी, आश्विनातली बालाजीची यात्रा आणि दसरा-दिवाळी लागोपाठ येतात. मोठी खरेदीही तेव्हाच निघते. शेतकऱ्याचे डाउन पेमेंट पिकाच्या भावावर ठरते. पैसा हंगामाला येतो, हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो. मुदतीत फेडलेले ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडते. दुचाकीच्या कर्जाला ही सवलत नाही.

हप्त्याचे गणित : ८०,००० रुपयांच्या ३ वर्षांच्या कर्जावर घटत्या शिलकीने १० टक्के दर असल्यास हप्ता सुमारे २,५८१ रुपये, १२ टक्के असल्यास २,६५७ रुपये येतो. तोच १० टक्के ‘फ्लॅट’ दराने, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लावला, तर हप्ता २,८८९ रुपये होतो, म्हणजे घटत्या शिलकीने जवळपास १८ टक्के. रेपो दरातील दोन टक्क्यांच्या चढउतारापेक्षा आकारणीची पद्धत कुटुंबाला कितीतरी अधिक महाग पडते. ‘बिनव्याजी हप्त्या’तही प्रक्रिया शुल्क आणि सोडून दिलेली रोखीची सूट मोजावी लागते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तकंपन्यांनी अशा नव्या कर्जांचा सर्व खर्चांसह वार्षिक दर कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी देणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी तो कागद मागून वाचावा.