चोराची वाट

दिवाळीच्या फराळाबरोबर चोरांची गोष्ट काढतो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण गणपतीनंतर आमच्या रत्नागिरीच्या आळीत एक बंद घर फुटले आणि नारळ पाडायला येणाऱ्या पोराकडे सर्वांनी बोट दाखविले. त्यात माझेही बोट होते. चार दिवसांनी खरा चोर सापडला. पण तो पोर पुन्हा आळीत फिरकला नाही. तेव्हापासून मी चोराच्या वाटेचा इतिहास वाचू लागलो.

देवलांच्या ‘मृच्छकटिका’मुळे शर्विलक आपल्या ओळखीचा आहे. मूळ नाटकात शूद्रकाने त्याला केवढा चोखंदळ दाखविला आहे! रोजच्या अर्घ्याच्या पाण्याने भिजून खंगलेली, उंदरांनी पोखरलेली जागा हेरून तो भिंत फोडतो. चोर आधी घर वाचतो, मग हात घालतो.

पेशवाईतल्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर हिंडण्याची बंदी असे. तिथला कोतवाल घाशीराम. १७९१ साली त्याच्या बागेत शिरलेल्या तैलंगी ब्राह्मणांना चोर म्हणून कोंडले गेले, आणि त्यांतले कित्येक गुदमरून मेले. खवळलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचले.

खेड्यातली रीत शहाणी होती. चोरी झाली की राखणीचा रामोशी पावलांचा माग काढी. माग शेजारच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर जाई. शोध वाटेचा होता, जातीचा नव्हे. पुढे इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला; मनातून मात्र अजून पुरता गेलेला नाही.

आताचे अभ्यासक शहराच्या नकाशावर घरफोड्यांचे ठिपके मांडतात. ते पुंजक्यांनी पडतात. चोर बहुधा पायाखालच्या वाटेवरचे घर निवडतो. आणि एक घर फुटले की काही दिवस त्या घराला व शेजाऱ्यांना धोका अधिक असतो.

आमच्या आळीतले ते घर तसेच होते. धनी मुंबईला, परसदार पाणंदीवर, गडगा ढासळलेला. आम्ही हे रोज पाहत होतो आणि संशय मात्र पोरावर घेतला.

लक्ष्मीपूजनाला आपण दार उघडे ठेवतो. यंदा त्या बंद घराच्या पायरीवर मी एक पणती लावणार आहे. नारळ पाडायला त्याच पोराला निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, सांगवत नाही.