भाडेपावतीपासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत

गेल्या वार्षिक सभेत मेंटेनन्सवाढीचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "खालच्या तीन मजल्यांवरच्यांना घर फुकट मिळालंय, आणि वर कुरकुर त्यांचीच!" बोलणारे सभासद सेलच्या फ्लॅटमधले, माझ्यापेक्षा वयाने लहान आणि मनाने चांगले. गणपतीत मांडव घालायला सगळ्यांच्या आधी तेच हजर असतात. मी तेव्हा गप्प बसलो. पण सेक्रेटरींनी स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा ठरवलं की उत्तर इथेच द्यावं. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

गरिबाच्या घराकडे सरकारने बघायला हवं, ही जाग मुंबईत प्लेगने आणली. १८९६ साली साथ आली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. बी.आय.टी. चाळी त्या ट्रस्टच्या. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले. पण ट्रस्टने दाट वस्त्या मोकळ्या करण्याच्या नादात सुरुवातीला पाडलं जास्त आणि बांधलं कमी. पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बी.डी.डी., निघालं. बेत पन्नास हजार खोल्यांचा, आणि खर्चासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून सुमारे सोळा हजारच झाल्या. खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामायिक. आणि गंमत बघा, शहरात माणसं दाटीवाटीने राहत असताना यातल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. गिरणी कामगाराला त्यांचं भाडंच परवडत नव्हतं.

बहुतेक कामकरी माणसं राहायची ती खाजगी चाळींत, आपल्यासारख्या. त्यांना आधार मिळाला तो भाडेनियंत्रण कायद्याचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१८ साली एक कायदा झाला होता, १९३९ मध्ये दुसरा आला, आणि १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण धरलं. आमच्या खोलीचं भाडं साडेअकरा रुपये. मेहताजी दर महिन्याच्या पाच तारखेला येत, चहा घेत आणि पावती फाडून देत. मी शाळेत होतो तेव्हा साडेअकरा, नोकरीला लागलो तेव्हाही साडेअकराच. वाढले ते फक्त करांचे आणे-पैसे.

खरं सांगायचं तर ही आम्हाला मिळालेली मदतच होती. फक्त ती सरकारच्या तिजोरीतून येत नव्हती, मालकाच्या खिशातून येत होती. सेलवाल्या मित्राच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. सबंध चाळीच्या भाड्यात एका वर्षाची डागडुजीही निघत नसे. मग मालकाने हात आखडता घेतला आणि चाळ खचत गेली. गॅलरीला टेकू लागले, कठड्याला हात लावू नका असं पोरांना सांगावं लागे. गोठवलेलं भाडं न्याय्य नाही, हे सुप्रीम कोर्टानेही १९९७ साली सांगितलं. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. तोवर आपली चाळ जमीनदोस्त झाली होती.

पण "फुकट" हा शब्द मला पटत नाही. १९५८ साली ही खोली घेताना वडिलांनी पागडी मोजली, आणि त्यासाठी आईच्या बांगड्या गेल्या. पागडी घेणं तेव्हा गुन्हा होता, त्यामुळे ती रक्कम कुठल्याच पावतीवर नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, शहर भागातल्या एकोणीस हजारांवर इमारतींवर उपकर बसला, आणि त्याचा वाटा आमच्या पावतीवरही चढला. आपली चाळ १९४० पूर्वीची, म्हणजे 'अ' वर्गातली. मंडळाने दोनदा तुळया बदलल्या, आणि त्यावर आणखी वीसेक वर्षं निघाली. पुढे ज्या इमारतींची दुरुस्ती परवडेना त्या पाडून बांधायचा मार्ग निघाला. सत्तर टक्के भाडेकरूंची संमती घ्यायची, बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र द्यायचं, भाडेकरूला निदान २२५ चौरस फुटांचं घर, आणि उरलेले फ्लॅट बाजारात विकून खर्च भागवायचा. म्हणजे वरच्या मजल्यांच्या पैशातून खालचे मजले उभे राहिले, हे खरंच आहे. पण खालच्या ४६ जणांच्या सह्या झाल्या नसत्या तर वरचे मजलेही नसते.

आज २५ वर्षं धरतो ती २००० सालच्या नोंदणीपासून. तेव्हा सोसायटी होती, इमारत नव्हती! १९९९ मध्ये खोल्या सोडल्या, दीड वर्षात ताबा म्हणाले होते, किल्ल्या मिळाल्या २००५ साली. मधली सहा वर्षं उपनगरातल्या ट्रान्झिट कॅम्पात. पहाटे चारला पाणी, आणि पोरांच्या शाळा जुन्याच, त्यामुळे लोकलचे पास. ताबा मिळण्याआधी आठजण गेले, त्यात माझे वडीलही. आपण परत तरी आलो. ज्यांची जागा अरुंद म्हणून किंवा रस्त्यात गेली म्हणून इमारत पुन्हा उभीच राहिली नाही, त्यांची नावं म्हाडाच्या बृहतसूचीत जातात आणि घराची वाट बघणं चालू राहतं.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. जिन्याखालच्या खोलीत एक आजी राहायच्या, चाळभर पोळ्या लाटून द्यायच्या. पावती मूळ भाडेकरूच्या नावावर, तो गावी, आणि आजी पोटभाडेकरू. पात्र-अपात्रतेच्या यादीत त्या बसल्या नाहीत. भाच्याकडे नालासोपाऱ्याला गेल्या. त्यांच्यासाठी आम्ही ४५ जणांनी एक अर्जसुद्धा केला नाही. आपलं नाव यादीत आहे ना, एवढंच प्रत्येकजण बघत होता. मीही.

आता मेंटेनन्सचं. लिफ्ट, वॉचमन, सफाई यांचं सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखं, हा सहकाराचा नियम. २२५ फुटांच्या घराला जेवढं, तेवढंच सहाशे फुटांच्या घराला. खालच्या मजल्यांवर सहा घरं निव्वळ पेन्शनवर चालतात. गेल्या दहा वर्षांत चार जुनी कुटुंबं घर विकून डोंबिवली-बदलापूरला गेली ती हौसेने नाही. जुन्या सभासदांच्या नावे ठेवलेल्या कॉर्पस फंडाचं व्याज त्यांच्या मेंटेनन्समध्ये वळतं करावं, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. सेलच्या सभासदांवर त्याचा एक पैसाही बोजा पडत नाही. अनुमोदन मागच्या रांगेतून आलं तर मला आनंद होईल.

मेहताजींच्या पावत्यांची स्थळप्रत माझ्याकडे होती, ती आता सोसायटीच्या ऑफिसमधल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. १९५१ ते १९९९, खोलीवार लावलेल्या. कोणाला आपल्या आजोबांची पावती बघायची असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात यावं. कागद जुना आहे, हात कोरडे ठेवा.