लाखोटा: एका किड्याने राखलेली गोष्ट

कोळवणला माझी आजी पोस्टाने आलेल्या कुठल्याही बंद पाकिटाला 'लाखोटा' म्हणते. आत बँकेची नोटीस असली तरी लाखोटाच. पाकिटावर लाख नसते, पण शब्दात ती अजून आहे.

लाख म्हणजे किड्याचं घर. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे बारीक किडे हजारोंनी चिकटतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. फांदीवरून ते खरवडून, धुऊन, वितळवलं की झाली लाख. पळस आमच्या मुळशीतही आहे, पण लाखेचं पीक घेतात ते गोंदिया-गडचिरोलीकडे. संस्कृतात ही 'लाक्षा'. पांडवांना जाळण्यासाठी बांधलेलं लाक्षागृह हिचंच, कारण ती चटकन पेटते. पायाला लावायचा अळताही मुळात हिच्याच लाल रंगाचा. हाच शब्द फिरत फिरत युरोपात गेला आणि इंग्रजीत 'लॅकर' झाला. गंमत म्हणजे चीन-जपानच्या ज्या चकचकीत भांड्यांना जग लॅकर म्हणतं, त्यांवर झाडाचा चीक असतो. लाखेचा तिथे संबंधच नाही.

लाख तापली की वाहते, निवली की कडक आणि ठिसूळ होते. म्हणून पत्राच्या घडीवर तिचा थेंब टाकून वर शिक्का उमटवायचा. असं पत्र कोणीही फोडू शकतो, पण गुपचूप नाही. लाख कोणाला अडवत नाही, फक्त चुगली करते. आम्ही सॉफ्टवेअरवाले फाइलला डिजिटल सही जोडतो ती याचसाठी: मध्ये कोणी एक अक्षर जरी बदललं, तरी ते कळावं. पोलीस जप्त मुद्देमालावर लाखेचं सील लावतात, त्यामागेही हाच हिशेब.

म्हणजे लाखेचं काम चमकवण्यापेक्षा राखण्याचं. विनाइल येण्याआधीच्या तबकड्यांत लाख असायची. बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो तिच्यामुळे.

सावंतवाडीचा गंजिफा हे याचं सर्वांत सुंदर उदाहरण. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. कापडावर चिंचोक्याची खळ चढवायची, घोटून गुळगुळीत करायचं, हाताने चित्र काढायचं आणि लाखेचा हात द्यायचा. असा पत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कला मात्र टिकत नव्हती. छापील पत्ते स्वस्त झाले, चितारी घराण्यांतली मुलं दुसऱ्या कामांना लागली. १९७०च्या आसपास गंजिफा करणारे जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला. राणीसाहेब स्वतः पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरासमोर शिकायला बसल्या, मग राजवाड्यातच तरुणांना शिकवू लागल्या. आजही त्या दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून पत्ते रंगवतात.

लाखेखाली चित्र राहतं. ते काढणारा हात मात्र कुणीतरी कुणाकडून तरी शिकूनच राखावा लागतो.